आधी उतरू द्या, मग चढा : आमच्या श्वास-गटाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

श्वासाच्या व्यायामाच्या गटासाठी दम लागणाऱ्यांच्या एकोणीस नावांतून शेवटी सहा उरली. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, नाव इथे लिहीत नाही.

आशाताईंनी तिशीच्या पुढच्या लोकांचे सीबॅक फॉर्म (कोणाला कोणत्या आजाराचा धोका, ते चाळणारे) भरलेले होते, तिथून सुरुवात केली. स्वयंपाकाचं इंधन कोणतं, हा प्रश्न त्या फॉर्मात आहे हे बरं आहे. फक्त त्याचं उत्तर सगळीकडे "गॅस" असंच येतं, कारण सिलिंडर समोर दिसतो आणि चूल मागच्या सपरीत असते. आशाताई हुशार आहेत. त्या विचारतात, "सिलिंडर किती दिवस पुरते?" पाच माणसांच्या घरात तो सात महिने पुरत असेल तर भाकरी कशावर होते ते वेगळं विचारावं लागत नाही.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या सगळ्यांची आधी थुंकी तपासून घेतली. एका ओट्यावर सहा माणसांना बसवून जोरजोरात फुंकायला लावायचं आणि त्यात एकाला टीबी निघायचा, हे नको. एका बाईंचा दम रक्त कमी असल्यामुळे होता, दोघांचा हृदयामुळे. उरलेल्यांना वर्ध्याला नेऊन फुंकण्याची तपासणी केली. पंपाचं औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्या खाली, म्हणजे सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. असे सहा.

नावं न लिहिता गाव ज्या नावानं ओळखतं तसं लिहिते. कंडक्टर बाबाजी (एसटीतून निवृत्त, बिडी सुटून नऊ वर्षं). वरच्या पुऱ्यातली आजी (आयुष्यात बिडी नाही, तंबाखू नाही, फक्त चूल). जिनिंगवाले काका. खंजिरीवाले काका (दोनदा टीबी होऊन गेलेला, आता थुंकी निगेटिव्ह, पण फुप्फुसात व्रण राहिलेले). पुण्याच्या पोराची माय. आणि एक बापू, जे अजून बिडी ओढतात आणि तसं कबूल करतात.

बेत असा : आठ आठवडे, सोमवार-गुरुवार, सकाळी साडेआठ, समाजमंदिराचा ओटा. सामान म्हणजे सहा खुर्च्या, एक दोरी, एक ऑक्सिमीटर, वजन म्हणून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या. फुप्फुस यातून नवं होत नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. बापू म्हणाले, "मंग काहून यायचं?" प्रश्न चोख होता. म्हटलं, आहे त्या हवेत जास्त काम करता यावं म्हणून.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज सहा मिनिटं चालण्याची चाचणी. त्यासाठी ३० मीटरचा सरळ, सपाट पट्टा लागतो. तेवढा लांब व्हरांडा गावात फक्त शाळेला, आणि शाळेत मतदानाची तयारी. मग वाचनालयापुढचा सिमेंट रस्ता दोरीनं मोजला आणि दोन टोकांना दोन बादल्या ठेवल्या.

नियमाप्रमाणे मी दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य बोलायचं असतं, जास्त चेतवायचं नाही. इथे ओट्यावर बसलेली पंधरा माणसं शंकरपट चालू असल्यासारखी ओरडत होती. पुन्हा कधी घेतलीच तर भर दुपारी घेईन, तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नसतं.

पुण्याच्या पोराच्या मायचं ऑक्सिजन सुरुवातीलाच ८४ दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बोटं हातात घेतली तर बर्फ. पाच मिनिटं हात चोळले, पदरात गुंडाळले, मग ९३. थंडीत हे मशीन असं फसवतं. नखाला रंग असला तरी फसवतं. यापुढे आधी हात गरम, मग मशीन.

मीटर असे : कंडक्टर बाबाजी ३१२, आजी २४६, खंजिरीवाले काका ३३०, जिनिंगवाले काका २८८, पुण्याच्या पोराची माय १६८. बापू दुसऱ्या मिनिटाला थांबले आणि पानठेल्याकडे गेले.

आजी चालल्या खऱ्या, पण रागावूनच. "बिनकामाचं कोन चालते वं पोरी? मी पान्याले जातो, तवा मोज." रजिस्टरच्या समासात लिहून ठेवलं : घर ते हातपंप, थांबे ३. कडुनिंब, चक्की, शेजारणीचा ओटा.

२० नोव्हेंबर, बुधवार

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार, म्हणजे जागतिक सीओपीडी दिन. आणि आजच विधानसभेचं मतदान, त्यामुळे त्या दिवसाची आठवण माझ्याशिवाय गावात कोणाला असण्याचं कारण नव्हतं. रांगेत कंडक्टर बाबाजी भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून उभे होते. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, शरीरच शिकवतं. हात असे टेकले की मान-छातीच्या स्नायूंना फासळ्या ओढायला आधार मिळतो. मी काही बोलले नाही. त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पहिला धडा आणि पहिली चूक, दोन्ही माझे.

ओठ मुडपून श्वास सोडणं शिकवायचं होतं. नाकानं एक-दोन आत, ओठांच्या फटीतून एक-दोन-तीन-चार बाहेर. या सगळ्यांना माहीत असलेली वस्तू कोणती, तर फुकणी. मोठ्या ऐटीत म्हटलं, "चुलीत फुकणीनं फुंकता तसं."

झालं. गाल फुगले, मानेच्या शिरा तटतटल्या, आजींना खोकल्याची उबळ आली आणि बाबाजींना भोवळल्यासारखं झालं. निखारा पेटवायला जोर लागतो, म्हणून फुकणीचा फुंकरा हा मुळात जोराचाच असतो. आणि या आजारात जोर हाच घात करतो. फुप्फुसातल्या बारीक नळ्या सैल झालेल्या असतात. जोरात सोडायला गेलं की त्या बाहेरून दाबल्या जाऊन मिटतात आणि हवा मागेच अडकते. ओठांची फट बारीक ठेवून सावकाश सोडलं की तोंडाकडून थोडा उलटा दाब राहतो, नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते.

वर आणखी, ज्या फुकणीनं आजींना इथवर आणलं तिचाच दाखला मी त्यांना दिला. घरी येऊन बराच वेळ तेच आठवत होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज फुकणी रद्द. सहा बशा आणि चहा.

आमच्याकडची जुनी माणसं अजून बशीत ओतूनच चहा पितात. सांगितलं की फुंकर अशी घाला की साय हलली पाहिजे पण थेंब सांडता कामा नये. दोन मिनिटांत सगळ्यांना जमलं. गाल फुगले नाहीत, मान ताठली नाही. चहा संपल्यावर रिकाम्या बशीवर तसंच चालू ठेवलं. बापू आज आले होते, चहापुरते.

मग बाबाजींनी विचारलं की दम लागतो तेव्हा हवा *भेटत* नाही असं वाटतं, आणि तुम्ही तर हवा *सोडा* म्हणता. हा खरा कळीचा मुद्दा. जुनी हवा आत अडकून राहते, तिच्यावर नवी घ्यायचा आटापिटा, छाती पिंपासारखी फुगलेली, फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा ताणून सपाट झालेला. जागाच नाही तर नवी हवा बसेल कुठे? मी हे पाटीवर काढून दाखवत होते, तेवढ्यात बाबाजीच म्हणाले :

"मॅडम, हे तं एस्टीचंच झालं. आतले उतरल्याबिगर बाहेरचे चढाले पाह्यतेत, मंग दारातच फसतेत सारे. आधी उतरू द्या, मंग चढा!"

शेवटचं वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं की तीस वर्षांची नोकरी ऐकू आली. त्यानंतर माझी पाटी कोणी पाहिली नाही. आता कोणाला धाप लागली की बाकीचे म्हणतात, "उतरू दे, उतरू दे."

५ डिसेंबर, गुरुवार

दुसरी चूक, आणि ही पुस्तकात वाचलेली असूनही केली. पोटानं श्वास घेण्याचा व्यायाम सगळ्यांना सरसकट दिला. खंजिरीवाले काका आणि बाबाजी यांना जमला. पुण्याच्या पोराच्या मायचे मिनिटाचे श्वास २६ होते, ते तीन मिनिटांत ३२ झाले. "उलटंच होऊन रायलं वं," म्हणाल्या. ज्यांची छाती फार फुगलेली असते त्यांचा पडदा आधीच सपाट झालेला असतो. त्याला आणखी खाली ढकलायला सांगणं म्हणजे भरल्या पोत्यात आणखी दोन पायली कोंबणं.

त्यांच्यासाठी वेगळं ठरवलं : खुर्चीवर पुढे झुकून कोपरं मांड्यांवर, मान सैल, आणि बशीची फुंकर. एवढंच. बारा मिनिटांत श्वास २४ वर आले. त्यांच्या पानावर लाल पेनानं लिहिलं, पोटाचा व्यायाम नको.

९ डिसेंबर, सोमवार

जिनिंगवाले काका घरून टीव्हीवर पाहून कपालभातीचे शंभर झटके मारून आले होते आणि ओट्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. झटक्यानं श्वास फेकणं यांच्यासाठी नाही, कारण वर २५ तारखेला लिहिलंच आहे. अनुलोम-विलोम सावकाश, श्वास न कोंडता केला तर माझी हरकत नाही.

पुण्याहून मुलानं श्वासाच्या व्यायामाचा, तीन गोल चेंडूंसारख्या गोळ्यांचा डबा पाठवलाय. श्वास ओढला की गोळ्या वर जातात. तो मुख्यतः ऑपरेशननंतरच्या पेशंटसाठी. यांचं दुखणं श्वास सोडण्याचं, आणि डबा शिकवतो ओढायला. नातवाला खेळायला द्या म्हटलं. मुलाला फोनवर सांगताना मात्र सांभाळून बोलले, त्यानं प्रेमानं पाठवलाय.

१२ डिसेंबर, गुरुवार

औषधांची पिशवी घेऊन या म्हटलं होतं. जिनिंगवाले काका महिनाभर पंपाच्या कॅप्सूल पाण्याबरोबर *गिळत* होते. कोणी दाखवलंच नाही, म्हणाले. ती कॅप्सूल यंत्रात फोडून तिची पूड ओढायची असते, गिळून फुप्फुसाला काही मिळत नाही. बाबाजींचा दाबायचा पंप आहे, आणि दाबणं व ओढणं एका वेळी जुळत नाही, अर्धं औषध जिभेवर. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून डबी केली. एक दाब, मग बाटलीच्या तोंडातून चार-पाच सावकाश श्वास. नंतर चूळ भरायची, नाहीतर स्टेरॉइडनं तोंडात पांढरे चट्टे येतात.

"पंपाची सवय लागते" ही भीती सगळ्यांच्या मनात आहे. बाबाजींनी उत्तर दिलं, "चष्म्याची लागली न? मंग?" मला बोलावंच लागलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

आज ओट्यावर नाही, आजींच्या घरी. या आठ आठवड्यांतला सगळ्यात कामाचा दिवस हाच, असं आत्ताच लिहून ठेवते.

खुर्चीवर बसून श्वास सोडणं सगळ्यांना येतं. दम लागतो तो वाकताना, उचलताना, हात वर करताना. म्हणून प्रत्येक कामात श्वास सोडायची जागा शोधत बसलो. पाण्याचा गुंड (घागर) उचलताना आजी श्वास *धरतात*, सगळेच धरतात. तिथे उलटं करायचं : आधी नाकानं घ्या, आणि गुंड जमिनीवरून सुटतो त्या क्षणापासून फुंकर सोडत उभ्या राहा. आठ-दहा वेळा चुकलं. मग गुंड अर्धाच भरून जमलं. चुलीपुढे वाकलं की पोट दबतं आणि पडद्याला जागा उरत नाही, म्हणून वाकतानाही सोडत वाका. वेणी घालताना हात डोक्यावर जातात आणि मानेचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात तेच हातांच्या कामाला जुंपले जातात. त्यामुळे वेणी बसून, कोपरं उतरंडीच्या फळीवर टेकवून. बुटका झाडू गेला आणि दांड्याचा खराटा आला.

चुलीचं काय? घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग माणसाएवढा, बाजूला तुरीच्या तुराट्या. फुकट आहेत. गॅस फुकट नाही. मी "चूल सोडा" म्हणाले असते तर आजींनी मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. सून म्हणाली की सगळ्यात जास्त वेळ डाळीला लागतो. मग ठरलं : डाळ कुकरमध्ये गॅसवर, भाकरी अंगणातल्या चुलीवर उघड्यात, आणि फुकणी सुनेच्याही हातात कमीत कमी, म्हणजे काड्या वाळलेल्याच हव्यात. सून आत्ता एकतीस वर्षांची आहे. खरं तर मी तिच्याकडेच जास्त पाहत होते.

२६ डिसेंबर, गुरुवार

तिघेच. कापसाची वेचणी. जिनिंगवाले काका पंधरा दिवसांपासून पुन्हा रेच्यावर (सरकी काढायच्या यंत्रावर) जाऊ लागलेत, हंगाम आहे. तरुणपणी आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हटकून छाती आवळायची आणि मग आठवडाभरात सैल व्हायची, असं ते सांगतात. कापसाच्या धुळीचा आजार असाच वागतो. तोंडाला दुपट्टा बांधा म्हटलं. बांधतात, पण खर्रा खायला खाली ओढतात.

बापू पहिल्या आठवड्यानंतर आलेलेच नाहीत. घरी गेले होते. हरभऱ्याला पाणी सुरू आहे आणि लाईट रात्रीची येते. बिडी सोडायचं बोलणं मी अजून नीट केलेलं नाही, हे माझ्याकडून राहिलंय.

३० डिसेंबर, सोमवार

शनिवारी रात्री जिनिंगवाले काकांना दम्यासारखा धापेचा अटॅक आला. दोन दिवस आभाळ होतं. कफ वाढला होता, पांढऱ्याचा हिरवट-पिवळा झाला होता. रात्री दहाला बसल्या जागी धाप. आणि ते दोन तास बशीची फुंकर मारत बसले, कारण मी शिकवली होती. बारा वाजता पुतण्याचा फोन आला तेव्हा त्यांना एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं, ओठ काळसर पडले होते. १०८ बोलावली. चिठ्ठीवर लिहून दिलं : सीओपीडी, ऑक्सिजन ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवावा. जास्त दिला की अशा काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते गुंगीत जातात. पुतण्या वाटेत "वाढवा न थोडा" म्हणत होता म्हणे. जास्त म्हणजे बरं, असंच आपल्याला वाटतं.

वाचले. वॉर्डात आहेत.

व्यायाम कसा करायचा हे मी पाच आठवडे शिकवलं आणि कधी *करत बसायचं नाही* हे एकदाही धड शिकवलं नाही. आज सगळा तास त्याच्यावर. कफाचा रंग बदलला किंवा कफ वाढला तर त्याच दिवशी दवाखाना. बसून धाप, वाक्य तुटणं, ओठ-नखं काळी-निळी, गुंगी किंवा असंबद्ध बडबड यांतलं काहीही दिसलं तर फुंकर बाजूला, १०८ आधी. प्रत्येकाकडून वदवून घेतलं, घरच्यांकडूनही. हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. पुढच्या गटात पहिलाच धडा हा, बशी नंतर.

६ जानेवारी २०२५, सोमवार

खंजिरीवाले काका गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत पूर्वी पुढे बसून म्हणायचे. टीबीनंतर फक्त खंजिरी वाजवतात. ओळ मध्येच तुटते म्हणून लाज वाटते.

आज ओट्यावर त्यांनाच म्हणायला लावलं. गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच आणि दोन ओळींमध्ये चटकन घेतलेला श्वास. आधी अर्ध्या ओळीत दम संपत होता. ओळ कुठे तोडायची ते ठरवलं. ओळीच्या शेवटी पळत जायचं नाही, आणि सुरुवातच बेताच्या आवाजात करायची. तिसऱ्या वेळी एक ओळ पुरी झाली. बाकीचे आपोआप साथीला आले, पुण्याच्या पोराची मायसुद्धा, कोपरं मांडीवर ठेवून. मोजायचं विसरले. रजिस्टरात आजच्या रकान्यात काहीच नाही.

त्यांचा कफ सुटत नाही, त्यासाठी खोकून खोकून बेजार होण्याऐवजी "हा" करून सोडणं शिकवलं. चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसं, तोंड उघडं ठेवून. दोनदा तसं, मग थोडा आराम, मग एकदा खोकला.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. जिनिंगवाले काका आज परत आले, चार किलोनं उतरलेले. फक्त बसले, मी चालवलं नाही. कॅप्सूल आता यंत्रातून ओढतात, सगळ्यांसमोर ओढून दाखवली. रेच्यावर परत जायचं नाही म्हणतात. पुतण्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे जातील.

२० जानेवारी, सोमवार

आठ आठवडे गुरुवारी संपले. आज पुन्हा सहा मिनिटं, तोच रस्ता, त्याच बादल्या, आणि दुपारी.

बाबाजी ३१२ वरून ३५४. आजी २४६ वरून २८२. साधारण ३० मीटरच्या वर फरक असला तर तो माणसाला स्वतःला जाणवण्याजोगा धरतात, म्हणजे या दोघांचा खरा. खंजिरीवाले काका ३३० वरून ३४१, हा धरण्याजोगा नाही. मात्र रोज संध्याकाळी ते प्रार्थनेत पुन्हा म्हणू लागलेत, आणि ते या चाचणीत कुठेच दिसत नाही. पुण्याच्या पोराची माय १६८ वरून १८३. त्यांच्या मते फरक रात्रीचा आहे : धाप लागली तर पूर्वी जीव घाबरून पोराला फोन जायचा, आता पुढे झुकून बसतात आणि फोन सकाळी जातो. जिनिंगवाल्या काकांची चाचणी घेतली नाही, दवाखान्यातून येऊन पुरता महिनाही झालेला नाही. बापूंचा रकाना कोरा. ओट्याकडे पाहत ते दोनदा सायकलवरून गेले.

फुंकण्याची तपासणी पुन्हा केली तर आकडे जवळपास तेच येतील. नळ्या होत्या तशाच आहेत.

चाचणी आटोपल्यावर आजी म्हणाल्या, "आता माझं मोज." त्यांच्या घरी गेलो. गुंड अर्धा, पाऊल सावकाश, दोन पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. कडुनिंबाजवळ थांबल्या नाहीत. चक्कीजवळ थांबल्या नाहीत. शेजारणीच्या ओट्यावर मात्र गुंड टेकवून चांगल्या दहा मिनिटं बसल्या.

धाप लागली का, विचारलं. "नाही वं. इथं थांबाच लागते. तिची सून माहेराहून आली न काल."

बाबाजी मागून चालत आले होते. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : घर ते हातपंप, थांबे १ (विनंती थांबा).